पाठमोरं वऱ्हाड

…आणि वर तोंड करून म्हणतो काय, "मामी, चहात साखर जरा कमी पडलीय!" अहो, गाडी पेंढ्याच्या उडवीत अर्धी घुसलेली, मागच्या हौद्यात वऱ्हाड एकमेकांच्या अंगावर पडलेलं, नवरदेवाच्या मुंडावळ्या एका कानाला लोंबकळतायत, माझा नवसू स्टेरिंग धरून दगडासारखा बसलाय… आणि ह्याला साखर सुचते! तुम्ही म्हणाल, मग म्हातारे, तू काय केलंस? काय करणार? साखर घातली. ढवळून दिली. वरून विचारलं, "आता बरा आहे का?" घरचा जावई तो… त्याला बोलणार कोण?

थांबा, माझं हे असंच होतं बघा, सांगायला बसले की मधलंच आधी तोंडात येतं. सरका जरा, पाठ टेकू द्या. हां. तर नवसू म्हणजे माझा मुलगा. पोशेऱ्याला आमचं घर, भात आणि नागलीपुरती जमीन, आणि दारात ती पिकअप. पांढरी होती म्हणे कधीतरी. नवसूचा पोरगा पंकज, ज्याचं लगीन होतं तो, चड्डी सावरत शाळेत जायचा तेव्हा नवसूनं ती आणली, आणि आणली तेव्हाच ती दुसऱ्या-तिसऱ्यानं वापरून सोडलेली. पण तुम्हाला सांगते, जपावं तर माझ्या नवसूनं! बायकोला कधी "जेवलीस का" विचारणार नाही, पण गाडीला रोज सकाळी उठून हात लावून बघणार, तापलीय का, गळतेय का, झोप झाली का! आणि त्या गाडीनं तरी काय कमी केलं? बाजाराची माणसं नेली, शेळ्या नेल्या, खताच्या गोण्या नेल्या, अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या. एक पोरगी तर वाटेतच झाली, हौद्यात, नागलीच्या गोणीला टेकून. आता ती पोरगी गाडी दिसली की "माझं घर आलं" म्हणते!

गुणाची गाडी. सपाटीला काय पळायची, वारा! पण आमच्याकडं सपाटी आहे कुठं? तुम्हीच सांगा. एक वळण घेतलं की चढ, चढ संपला की उतार, आणि उतार संपला की त्याच्यापेक्षा मोठा चढ. आणि भरलेली गाडी चढाला लागली की झालं! घूं-घूं-घूं करायची, धूर काढायची, काहीतरी जळाल्याचा वास यायचा, आणि मधोमध उभी राहायची, अडेल रेड्यासारखी. मग उतरा सगळे, लावा दगड चाकाला.

मग नवसूनं काय शोधून काढलं माहिती आहे? त्याला कळलं की मागं जायचा जो गिअर असतो ना, रिव्हर्स, त्याच्यात तिला जोर जास्त. झालं! तेव्हापासून मोठा चढ आला की हा पायथ्याला गाडी वळवायचा, तोंड दरीकडं, ढुंगण डोंगराकडं, रिव्हर्स टाकायचा आणि चढायचा… पाठमोरा! सगळा घाट पाठमोरा! मान मागं वळवून, एक हात सीटवर टाकून. इतकी वर्षं तसं केल्यानं त्याची मानच तशी झालीय. जेवायला बसला तरी ताट पुढं आणि हा मागच्या भिंतीकडं बघतोय. आम्हाला सवय झाली होती हो. आमच्या गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. गाडी वर पोचते ना? मग तोंडानं पोचली काय आणि पाठीनं पोचली काय!

पण सोयरे आमच्या गावचे नव्हते ना!

पंकजला मुलगी बघितली ती डोंगरावरच्या पाड्यावरची. योगिता तिचं नाव. गुणी पोर, हसरी, नजर खाली ठेवून सगळं बघणारी. बापूस अगदी गरीब स्वभावाचा, "बरं बरं" ह्याच्यापुढं त्याची गाडी जात नाही. घरात शब्द चालतो तो योगिताच्या आत्याचा. सोमी आत्या. बाई उभी राहिली की दारात दार दिसत नाही, आणि बोलायला लागली की कोंबडे ओरडायचे थांबतात. साखरपुड्याला आम्ही गेलो. चढ तर असा की वर बघितलं की डोक्यावरचा पदर मागं पडतो. नवसूनं नेहमीसारखी पायथ्याला गाडी वळवली, घातला रिव्हर्स आणि निघालो वर.

आता वरून काय दिसलं असेल ते डोळ्यांपुढं आणा. सोमी आत्या हातात ताट घेऊन, ताटात दिवा, हळद, कुंकू, चढाच्या टोकाला उभी. पाहुणे येणार, नवरदेव दिसणार. आणि वर आलं काय? गाडीचा मागचा फळका! आणि त्या फळक्यावर आधीच्या मालकानं मोठ्या लाल अक्षरांत लिहून ठेवलेलं, "पुन्हा भेटू"! मला वाचता येत नाही, आत्यालाही येत नाही, पण तिथल्या एका शहाण्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "म्हणजे? हे आले का निघाले?"

आम्ही उतरलो. नवसू हात जोडून पुढं झाला. ती त्याच्याकडं बघेचना. गाडीकडं बघत होती.

"नवऱ्याचं तोंड दिसायच्या आधी मला गाडीचं ढुंगण दिसलं!" ती म्हणाली. "मी ओवाळू कुणाला? त्या धुराच्या नळीला?"

नवसू म्हणाला, "ताई, चढ मोठा आहे, गाडीला असंच सोपं जातं…"

"तुमच्या गाडीला काय सोपं जातं ते मला नका सांगू. आमच्यात पाठमोरं माणूस दारात घेत नाहीत. साखरपुडा होऊ दे, जेवण केलंय, वाया घालवायचं नाही. पण लग्नाला वऱ्हाड असं आलं तर इथूनच परत. पोरगी मिळायची नाही."

नवसू म्हणाला, "मग जीप करतो भाड्यानं."

"जीप नको!" आत्या म्हणाली. काय डोकं बघा बाईचं! "भाड्याची जीप आणून मला फसवता? लग्नाच्या दिवशी जीप आणि दुसऱ्या दिवसापासून माझी पोर त्या उलट्या गाडीत? हीच गाडी आणा. तोंड पुढं करून आणा. मग बघू."

आम्ही घरी निघालो. पंकज मागं हौद्यात बसलेला, त्याचं तोंड तर करपलेल्या भाकरीसारखं, कारण पोराला ती पोर मनापासून आवडलेली. घरी आल्यावर नवसू गाडीपुढं जाऊन उभा राहिला. मागं नाही, पुढं. मला वाटतं इतक्या वर्षांत त्यानं तिचं तोंड पहिल्यांदाच नीट बघितलं. आणि मग मला म्हणाला, "आये, दाजीला बोलवतो."

दाजी म्हणजे त्याचा दाजी, माझा जावई. फागू. माझ्या जयवंतीचा नवरा. जव्हारच्या रस्त्याला त्याची गॅरेजची टपरी आहे. आता जावयाचं कौतुक सासूनं करू नये म्हणतात, पण खोटं कशाला बोलू? माणूस आहे मात्र कसबी! रस्त्यानं गाडी गेली की नुसत्या आवाजावरून सांगतो, तिला काय झालंय, कधीपासून झालंय आणि मालकानं कुणाकडं दाखवलंय. बरीच वर्षं भिवंडीला होता ट्रकांच्या कामाला, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरतो. आणि बढाई? अरे देवा! पंक्चर काढलं तरी असं सांगतो की जसं काही त्याच्याआधी जगात चाकच गोल नव्हतं. मी ऐकते. मान डोलावते. घरचा जावई… बोलणार कोण?

आला, गाडीखाली शिरला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडाचा मोठा गोळा असतो बघा, पोट सुटल्यासारखा, त्याच्यावर पान्यानं टकटक केलं आणि खालूनच ओरडला, "नवसूभाऊ, टेन्शन नहीं लेने का! रोग इथं आहे!"

"इंजिनात नाही?" नवसू म्हणाला.

"इंजिन तर शेर आहे. ह्या गोळ्यात दोन चाकं असतात, एक मोठं, एक लहान, दातात दात. मोठ्याला एक्केचाळीस दात, लहानाला अकरा. ही सपाटीची जोडी. कुणा सपाटीवाल्यानं पळवायला घेतली होती गाडी. आपल्याला लहान चाक पाहिजे आठ दाताचं. मग इंजिनाला जास्त फिरावं लागेल, चाक कमी फिरेल, पण जोर… विचारू नकोस! भिंत चढेल भिंत!"

नवसूच्या डोक्यात काही शिरलं नाही, मला मात्र लगेच कळलं. अहो, सोपं आहे! तरणी पोरं डोंगर चढताना ढांगा टाकतात आणि अर्ध्यातच धापा टाकत बसतात. आणि मी? मी आपली बारीक बारीक पावलं टाकत, तोंडात सुपारी धरून, वर पोचते. गाडीची ढांग लहान करायची होती, बस्. मी तसं म्हणाले तर फागू म्हणाला, "मामी, हेच तर मी सांगत होतो!" कुठं सांगत होता? पण जाऊ द्या.

आठ दाताची जोडी आणायला स्वतः नाशिकच्या भंगार बाजारात गेला. आणि गोणीत घालून, एसटीत, मांडीवर घेऊन आला, पोर आणावं तशी. कंडक्टर म्हणाला, "खाली ठेवा की, जड दिसतंय." तर हा म्हणाला, "खाली ठेवून दाताला टवका उडाला तर घाटात तू ढकलायला येणार का?" असा माणूस! दारात आल्यावर गोणी सोडली, डोळे मिटले आणि बोटानं एकेक दात चाचपून बघितला. म्हाताऱ्या बाईनं नातवाच्या हिरडीवर बोट फिरवावं ना, अगदी तसं. मला खरंच भरून आलं.

मग सुरू झालं काम. लगीन तोंडावर आलेलं, अंगणात मांडव, मांडवाला उंबराची फांदी, चुलीवर पाणी, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध गाडी दगडांवर चढवलेली, मागची चाकं काढलेली! पाहुणा येणारा आधी गाडीला अडखळायचा आणि मग मला नमस्कार करायचा. फागूनं गोळा खाली उतरवला, जुनं तेल काढलं, काळं, काजळासारखं, जुनी जोडी काढली, नवीन घातली. आता तुम्ही म्हणाल, घातली की झालं. नाही हो! तिथंच तर खरी करामत. दातात दात असा बसला पाहिजे की फार घट्ट नको, फार सैल नको. घट्ट बसला तर तापून जळतो, सैल बसला तर कटकट करत तुटतो. नवराबायकोसारखं!

आणि ते कळणार कसं? दाताला रंग लावायचा, चाक फिरवायचं, आणि रंग कुठं पुसला जातो ते बघायचं. फागू म्हणाला, "रंगाची डबी टपरीवरच राहिली." आणि इकडं तिकडं बघितलं, तर माझी जयवंती पंकजच्या हळदीचं पातेलं घेऊन चाललेली! "ए, थांब, दे ती!" मूठभर हळद घेतली, तेलात कालवली आणि बोटानं त्या लोखंडाच्या दातांना चोपडली. नवरदेवाच्या आधी गाडीला हळद लागली! बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, एकीनं तर हळदीचं गाणं पण धरलं. फागूला त्याचं काही नाही. फिरवलं, बघितलं. "टोकाला पुसतेय. पत्रा घाल पातळ." कागदासारखा पत्रा घातला, परत हळद, परत फिरवलं. "आता मुळाशी पुसतेय. पत्रा काढ." परत हळद. पाठ भरून आली असेल, जेवण गार झालं, हाक मारून मारून माझा घसा बसला, पण हा उठेल तर शपथ! शेवटी हळद अगदी दाताच्या मधोमध पुसली गेली, टिकलीसारखी. मग हसला. आणि हात धुवायला गेला.

इथं घोळ झाला बघा.

तेल निथळावं म्हणून फागूनं तो अख्खा गोळा पोत्यावर उपडा ठेवलेला. वरची बाजू खाली, खालची वर. तो हात धुवायला गेला आणि माझ्या जयवंतीनं नवऱ्याचं काम पार पडलं म्हणून गोळ्याला कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, नमस्कार केला. कुठं लावणार? समोर जी बाजू होती तिथं लावलं. चांगलं ठसठशीत. मग फागू गाडीखाली शिरला आणि खालून ओरडला, "उचला, द्या आत!" नवसू आणि पंकज, दोघांनी गोळा उचलला. आता तुम्हीच सांगा, कुंकू लावलेली बाजू कुणी जमिनीकडं करतं का? चिखलाकडं? शेणाकडं? दोघांनी कुंकवाची बाजू वर धरली, रीतीप्रमाणं, आणि सरकवला आत. चारी बाजूंनी भोकं सारखी, असाही बसतो, तसाही बसतो. बोल्ट लागले. आवळले.

नवसूला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं म्हणे. तो लांब दांडा, पुढून येऊन गोळ्याला जोडतो तो, नेहमीपेक्षा वर जोडला गेला. त्यानं दोनदा तोंड उघडलं. पण खाली कोण? दाजी! बहिणीचा नवरा! ज्यानं नाशिकहून जोडी मांडीवर आणली, ज्यानं गार भाकरी खाल्ली, त्याला म्हणायचं, "दाजी, उलटं तर नाही ना लागलं?" तोंड मिटलं त्यानं. घरचा जावई… कोण बोलणार?

गोळ्यात घालायचं तेल जव्हारहून लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आलं. तोवर वऱ्हाड तयार, हौद्यात सतरंज्या, पंकज बाशिंग बांधून पुढं बसलेला, सनईवाला मागं. तेल घातलं, चाकं जमिनीला लागली, फागू म्हणाला, "नवसूभाऊ, पहिला गिअर टाक आणि बघ कमाल!" नवसूनं देवाचं नाव घेतलं, पहिला टाकला, क्लच सोडला…

आणि गाडी सुसाट मागं! पेंढ्याच्या उडवीत! सनईवाल्याची सनई वाजायची ती 'पींऽ' करून बंद पडली. नवसूनं बघितलं, गिअर पहिलाच आहे. परत सुरू केली, परत पहिला, गाडी आणखी आत! दुसरा टाकला, मागं! मग घाबरून रिव्हर्स टाकला, तर गाडी हळूच… पुढं आली. गोळा उलटा बसला म्हणून चाकंही उलटी फिरत होती! सगळे फागूकडं बघतायत. मुहूर्त डोक्यावर, परत उघडून बसवायचा म्हणजे दुपार होणार, सोमी आत्या वर ताट घेऊन उभी. नवसू स्टेरिंगवर कपाळ टेकून बसला. माझ्या पोराला मी तसा कधी बघितला नव्हता हो. त्याचा बाप गेला तेव्हा पण नाही.

आणि तेव्हा जावईबापू म्हणाले, "मामी, चहात साखर कमी पडलीय."

साखर घातलेला चहा प्यायला. सगळा प्यायला, सावकाश. कप खाली ठेवला. आणि म्हणाला, "नवसूभाऊ, घाटात तुला जोर कुठल्या गिअरात मिळायचा?"

"रिव्हर्समध्ये," नवसू कपाळ न उचलताच म्हणाला.

"आणि आता रिव्हर्समध्ये गाडी कुठं जाते?"

"पुढं."

"मग? तोंड पुढं आणि जोर रिव्हर्सचा! त्यात आठ दाताची जोडी! अशी गाडी अख्ख्या तालुक्यात कुणाकडं आहे काय? अरे, मी म्हणूनच तसा बसवला!"

तुम्हाला सांगते, मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. एक पापणी हलली नाही. म्हणूनच बसवला! खरं की खोटं, मला आजतागायत कळलेलं नाही. पण उपडा पडलेला माणूस एका कपभर चहात असा उभा राहताना मी दुसरा बघितला नाही. धन्य!

निघालो. रिव्हर्स गिअरात, तोंड पुढं, पालखीसारखे. गाडी एवढ्या हळू की कोंबड्या आडव्या जाऊन, परत फिरून, पुन्हा आडव्या गेल्या. इंजिन मात्र असं ओरडत होतं की जसं काही विमान उडतंय. पण गंमत काय झाली, रिव्हर्स टाकला की नवसूची मान आपोआप मागं! गाडी चाललीय पुढं आणि हा बघतोय मागं, आमच्याकडं, हौद्यातल्या बायकांकडं! पंकज ओरडतोय, "बाबा, पुढं! पुढं बघा!" शेवटी फागू दोघांच्या मध्ये चेंगरून बसला, दोन्ही हातांनी मेव्हण्याचं डोकं धरलं आणि पुढं फिरवून ठेवलं. आणि पायथ्याला आल्यावर? सवय हो! नवसू लागला गाडी वळवायला! सगळं वऱ्हाड एका तोंडानं ओरडलं, "नकोऽऽ!"

मग लागला चढ. मी डोळे मिटले. जिथं गाडी नेहमी अडायची, जिथं आम्ही उतरून दगड लावायचो, ते वळण आलं… आणि गाडी अडलीच नाही. एक धक्का नाही, धूर नाही, वास नाही. बारीक बारीक पावलं टाकत, माझ्यासारखी, चढली. आख्खं वऱ्हाड घेऊन, सनईवाला घेऊन, तांदळाचं पातेलं घेऊन. मी डोळे उघडले तर आरशात दिसलं, नवसू रडत होता. रडत होता आणि हसत होता, आणि फागू त्याचं डोकं धरून ओरडत होता, "सामने देख, सामने!"

वर सोमी आत्या उभी. गाडीचे दोन दिवे दिसले, मग काच, मग काचेमागं बाशिंग. आत्यानं डोळे बारीक केले. बघितलं. म्हणाली, "आली. तोंडानं आली." आणि ताट घेऊन पुढं झाली. माझा जीव भांड्यात पडला.

पण नवसू! आत्याला ओवाळायला जागा करून द्यावी म्हणून गाडी हातभर मागं घ्यायला गेला. मागं घ्यायची म्हणजे काय टाकायचा? रिव्हर्स! तो तर आधीच टाकलेला! क्लच सोडला…

आत्या बाजूला झाली म्हणून वाचली. गाडी सरळ मांडवात! तोरण काचेवर, उंबराची फांदी बॉनेटवर, दिव्यांची माळ आरशाला गुंडाळलेली, आणि पंकज बाशिंगासकट थेट लग्नाच्या पाटापुढं. माणसं उठून पळाली. योगिताचा बापूस म्हणाला, "बरं बरं."

आत्या चालत आली. पडलेल्या फांदीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, नवसूकडं बघितलं. नवसू हात जोडून उभा. मला वाटलं, गेली पोरगी. इथपर्यंत आणून गेली.

"मी तोंड पुढं करून आणा म्हणाले होते," आत्या म्हणाली. "एवढं पुढं नव्हतं सांगितलं."

जावई बोलेना, विचार करा, जावई बोलेना! घरात आरशापुढून योगिता उठून दारात आलेली, हळदीच्या अंगानं, तिच्या डोळ्यांत पाणी. आत्यानं तिच्याकडं बघितलं. मग बराच वेळ गाडीच्या तोंडाकडं बघितलं, त्याच्यावर लोंबणाऱ्या तोरणाकडं. आणि म्हणाली, "पण कुठं थांबायचं ते मी बोलले नव्हते. माझ्या बोलण्यात राहिलं ते. शब्द म्हणजे शब्द. ओवाळा नवऱ्याला. आणि तुम्ही काय बघत उभे? उचला फांदी!"

बाई असावी तर अशी! मी तिथल्या तिथं तिच्या पाया पडले असते, पण आम्ही पडलो वरपक्षाचे, रीत आड आली. लगीन लागलं, थोडं वाकड्या मांडवात लागलं, पण लागलं.

पुढच्या आठवड्यात फागूनं गोळा परत उघडला, सुलटा करून बसवला. कुंकवाची बाजू खाली गेली, जयवंतीनं तोंड फिरवलं, पण गाडी पहिल्या गिअरात पुढं गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता कुठलाही चढ असू दे, तोंड पुढं, भरली गाडी, सरसर वर. सपाटीला मात्र मेली चालत नाही, मागून सायकलवाला येतो, हात हलवतो आणि पुढं जातो. नवसूला त्याचं काही वाटत नाही. मान पण सुधारतेय त्याची, जेवताना हल्ली ताटाकडं बघतो. आणि फागू टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "रिव्हर्समध्ये पुढं जाणारी गाडी? मीच बनवली होती. मुद्दाम." त्याला तोंडावर काही म्हणायची माझी अजून छाती नाही. घरचा जावई…

सगळं छान झालं. फक्त एक झालं. सोमी आत्याचा आता त्या गाडीवर इतका विश्वास बसलाय की दर बाजाराला खाली येते, पोरीला बघते आणि आमच्याच गाडीनं परत वर जाते, आणि तिला सोडायला आम्ही सगळे. तिला मागं बसलं की मळमळतं, म्हणून पुढं बसते. ऐसपैस बसते. उरलेल्या जागेत जावई, कारण गाडी कुणी बनवली? त्यानं! योगिता नवी नवरी, तिच्यासाठी हौद्यात पुढच्या बाजूला सतरंजी. पंकज तिच्या शेजारी. मग शेळ्या, मग गोण्या, आणि अगदी शेवटी, फळक्याला धरून, पाय दुमडून, मी! सगळ्यांची तोंडं डोंगराकडं, माझं दरीकडं. गाडी सुधारली, नवसू सुधारला… आता आमच्या घरात घाट पाठमोरी चढणारी मी एकटीच उरलेय.